फाइल चालू असताना नियम बदलतात तेव्हा

आम्ही नाव नोंदवलं तेव्हा २०१७ ची दत्तक नियमावली चालू होती. मुलगी घरी आली तोवर ती जाऊन २०२२ ची आली होती. बाल न्याय कायद्यात दुरुस्ती झाली होती, दत्तकाचा आदेश न्यायालयाने काढायचा की जिल्हादंडाधिकाऱ्यांनी हा वाद मुंबई उच्च न्यायालयात पोचला होता, आणि मधला मोठा काळ करोनाने खाल्ला होता. आम्ही दोघंही भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणारे. त्यामुळे भारतात जन्मलेली मुलगी आमच्याकडे येणं हे कायद्याच्या दृष्टीने आंतरदेशीय दत्तक. म्हणजे दोन देशांचे कायदे, दोन्हीकडची कार्यालयं, आणि एका ठिकाणी काही बदललं की बाकी सगळ्यांनी थांबायचं.

या काळात आम्ही कसे तगलो हे लिहून ठेवावंसं वाटलं, कारण आज कुणीतरी याच रांगेत मधेच कुठेतरी उभं असेल आणि त्याला "धीर धरा" याच्यापलीकडे काही ऐकायला मिळत नसेल. आम्हालाही मिळत नव्हतं.

परदेशात राहणाऱ्यांना थेट भारतातल्या संस्थेत जाऊन मूल दत्तक घेता येत नाही. जिथे राहतो त्या देशातल्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेमार्फत केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे नोंदणी होते. आमची ती २०१८ च्या अखेरीस झाली. मग होम स्टडी. समाजसेविका घरी येते, पुन्हा येते, दोघांशी एकत्र बोलते, वेगवेगळं बोलते. भांडण झालं की आधी कोण बोलतं? लहानपणी मार खाल्लात का? मूल न होण्याचं दुःख पचलं आहे, की त्यावरचा इलाज म्हणून इथे आलात? तुम्हा दोघांना काही झालं तर मुलाला कोण सांभाळेल, आणि त्या माणसाला हे विचारलंय का? या प्रश्नांचा मला राग आला नाही. जन्म देणाऱ्यांना हे कुणी विचारत नाही, हे खरं. पण ज्या मुलाचा आधार एकदा सुटला आहे, त्याच्या वतीने कुणीतरी विचारायलाच हवं.

कागदांचं मात्र वेगळं. आजवर राहिलो त्या प्रत्येक देशातल्या पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासण्या, उत्पन्नाचे पुरावे, लग्नाचा दाखला, ओळखीच्या लोकांची पत्रं. त्यातल्या बऱ्याच कागदांवर आधी नोटरी, मग अपोस्टील, म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का. प्रत्येकाची मुदत वेगळी. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची संपत येते. नवऱ्याने एक तक्ता केला होता: कागद कोणता, कधी काढला, मुदत कधी संपते, आणि नवा काढायला किती दिवस लागतात. हा शेवटचा रकानाच सगळ्यात जास्त उपयोगी पडला. मुदत संपायच्या तारखेतून तेवढे दिवस वजा केले की अर्ज कधी टाकायचा ते कळतं, आणि कुठल्याही कार्यालयाच्या पत्राची वाट बघावी लागत नाही.

नोंदणीनंतर सेनिऑरिटी नंबर, म्हणजे रांगेतला क्रमांक मिळतो. अनिवासी भारतीयांना मूल मिळण्याच्या क्रमात भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीने धरलं जातं. आम्ही राहतो तिथलं नागरिकत्व घ्यायला तेव्हा पात्र झालो होतो, पण मधेच पासपोर्ट बदलला तर आपण कुठल्या यादीत जाऊ याची खात्री नव्हती, म्हणून तो अर्ज बाजूला ठेवला. असे निर्णय कुणाच्या लक्षात येत नाहीत. नोकरी बदलायची नाही, घर बदललं तर होम स्टडीत दुरुस्ती करावी लागेल म्हणून घर बदलायचं नाही. वाट बघण्याचा काळ रिकामा नसतो; तो बाकीच्या आयुष्याला अडवून ठेवतो.

पहिल्या वर्षी मी रोज काराचं पोर्टल उघडून नंबर बघत होते. तो कधी हलायचा, कधी महिनोन्‌महिने जागचा हलत नसे. मग हा उशीर नेमका कशाने होतो ते वाचायला घेतलं, आणि त्याने माझं मन जेवढं शांत झालं तेवढं कुणाच्या समजुतीने झालं नव्हतं. दत्तक देता येईल अशी मुलं आणि वाट बघणारे पालक यांचं प्रमाणच व्यस्त आहे. पालक कित्येक पटींनी जास्त. आणि संस्थेत असलेलं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही. आईवडिलांनी मूल स्वतः सोपवलं असेल तर फेरविचारासाठी त्यांना कायदा दोन महिने देतो. मूल बेवारस सापडलं असेल तर आधी त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा, आणि मगच बाल कल्याण समिती त्याला दत्तकासाठी मुक्त जाहीर करते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिन्यांत, त्याहून मोठ्यासाठी चार महिन्यांत.

हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि त्यावर १९८४ साली जो निकाल आला त्यातून भारतातली आंतरदेशीय दत्तकाची चौकट उभी राहिली. पुढे १९९३ चा हेग करार, म्हणजे आंतरदेशीय दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार आला. भारताने तो २००३ मध्ये मंजूर केला. त्याचा गाभा असा की मुलाला आधी स्वतःच्या कुटुंबात, मग स्वतःच्या देशात घर मिळतं का ते पाहायचं, आणि त्यानंतरच देशाबाहेरचा विचार करायचा. कुठल्यातरी आईला दोन महिने मिळायला हवेत, म्हणून मी दोन महिने थांबायचं असेल, तर मी थांबेन. तेव्हापासून पोर्टल उघडणं आपोआप कमी झालं.

आमच्या दत्तक संस्थेने वाट पाहणाऱ्या पालकांचा एक गट केला होता. वेगवेगळ्या देशांतून मूल घेऊ पाहणारी कुटुंबं त्यात होती, आणि नियम बदलणं म्हणजे काय हे मला तिथे कळलं. इथिओपियाच्या संसदेने जानेवारी २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं, तेव्हा काहींच्या फायली निम्म्यावर आल्या होत्या. जुनी मंडळी काँगोची हकिगत सांगत. २०१३ मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने दत्तक मुलांना देशाबाहेर जाण्याची परवानगी देणं थांबवलं. न्यायालयाचे आदेश झालेले, कायद्याने आईबाप झालेले, आणि तरी मूल तिकडे, पालक इकडे. त्यातल्या बऱ्याच मुलांची सुटका व्हायला २०१६ उजाडलं. चीनची वाट बघणारं एक जोडपं आमच्या शेजारीच बसायचं. त्यांच्याकडे मुलीचा फोटो होता, खोली तयार होती. २०२० मध्ये करोनामुळे सगळं थांबलं ते थांबलंच, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने जवळच्या नात्यातली दत्तकं वगळता परदेशी दत्तक संपल्याचं जाहीर केलं. तोवर ती बाळ राहिली नव्हती, शाळेत जायच्या वयाची झाली होती. त्यांना काय म्हणायचं ते मला अजूनही सुचत नाही.

एकट्या अमेरिकेचे आकडे पाहिले तरी चित्र समजतं: २००४ साली तिथे जवळपास २३ हजार मुलं परदेशांतून दत्तक आली, २०२३ मध्ये १,२७५. यातल्या काही दरवाज्यांचं बंद होणं योग्यच होतं. मुलं पळवून, खोटे कागद करून परदेशी पाठवल्याचे प्रकार अनेक देशांत सिद्ध झाले. नेदरलँड्सने २०२१ मध्ये चौकशी अहवालानंतर परदेशी दत्तक थांबवलं ते त्यामुळेच. पण नियम ज्या दिवशी बदलतो त्या दिवशी ज्या मुलांची निवड आधीच झालेली असते, त्यांचं काय करायचं, हे बहुतेक वेळा नंतर ठरवलं जातं. माझी खरी तक्रार एवढ्यापुरतीच आहे.

मार्च २०२० नंतरच्या काळाबद्दल फार लिहीत नाही. सगळ्यांनीच तो भोगला. बोटांचे ठसे घेणारी केंद्रं बंद, अपोस्टीलचं काम बंद, विमानं बंद. होम स्टडी अहवाल तीन वर्षं चालतो, आमचा २०२२ मध्ये संपत होता. तक्त्यामुळे नूतनीकरणाची तयारी आधीच सुरू केली होती. समाजसेविका पुन्हा आली, तेच प्रश्न, आणि आमची काही उत्तरं बदललेली. आधी आम्ही अगदी तान्ह्या बाळासाठी तयारी दाखवली होती. या वेळी वयाची कक्षा वाढवली. हा बदल कंटाळून केला नाही. मधल्या काळात आम्ही मोठ्या मुलांबद्दल वाचलं होतं, अशा घरांत जाऊन आलो होतो.

त्याच वर्षी रेफरल, म्हणजे आमच्यासाठी सुचवलेल्या मुलीची माहिती आली. मुलीचा फोटो, तिचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल. हो की नाही सांगायला ९६ तास. आम्ही ते अहवाल बालरोगतज्ज्ञांना दाखवले, प्रश्न विचारले, आणि हो म्हटलं.

इथपर्यंतचा उशीर आमचा होता. तो आमच्या वयातून, झोपेतून, नोकऱ्यांतून वजा होत होता. हो म्हटल्यानंतरचा प्रत्येक दिवस मात्र तिच्या बालपणातून वजा होऊ लागला. हा फरक मला आधी कुणी सांगितला नव्हता, आणि आता प्रत्येकाला मी तो पहिल्यांदा सांगते. रेफरलच्या आधी शांत राहायला शिका. रेफरल झाल्यावर शांत राहू नका. तेव्हा विचारायचं, लिहायचं, पुन्हा विचारायचं.

आम्ही राहतो त्या देशाच्या प्राधिकरणाने हेग कराराच्या कलम ५ आणि १७ प्रमाणे मंजुरी दिली: हे पालक योग्य आहेत, मुलीला इथे येऊन राहता येईल, दत्तक पुढे जायला हरकत नाही. मग काराचं ना-हरकत पत्र. ते हातात आल्यावर एक वाट उघडते जी पुष्कळांना माहीतच नसते. अंतिम आदेश होईपर्यंत मुलाला भारतातल्या भारतात, दत्तकपूर्व संगोपनासाठी हमीपत्र देऊन आपल्यापाशी ठेवता येतं. आम्ही ठरवलं, मी जायचं. नवऱ्याने नोकरी सांभाळायची. मी बिनपगारी रजा घेतली, ती होती त्या संस्थेपासून जवळ भाड्याने घर घेतलं आणि तिला घेऊन राहू लागले.

पहिले काही आठवडे ती माझ्याकडे पाठ करून झोपायची. संस्थेतल्या ताईंनी सांगून ठेवलं होतं, "ती रडली नाही तर काळजी करा, रडली तर नको." ती रडायला लागली तेव्हा मी त्यांना फोन केला आणि आम्ही दोघी आनंदलो. उशिरामुळे आमचं खूप काही गेलं, पण या घरात तिला माझी आणि मला तिची सवय झाली, ओळखीच्या भाषेत, ओळखीच्या आवाजांत. विमानात बसून एका दिवसात सगळं बदलण्यापेक्षा हे तिच्यासाठी बरंच झालं असं मला वाटतं. पण ही सोय ज्याची रजा मंजूर होते त्यालाच परवडते. प्रत्येकाला हे जमणार नाही, आणि ज्यांना जमत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

आमचा अर्ज जिल्हा न्यायालयात दाखल झाला होता. कायद्यात दोन महिन्यांची मुदत लिहिली आहे. तारखा पडत होत्या. आणि १ सप्टेंबर २०२२ ला बाल न्याय कायद्याची २०२१ ची दुरुस्ती लागू झाली. यापुढे दत्तकाचे आदेश न्यायालयाने नाही, जिल्हादंडाधिकाऱ्यांनी काढायचे, आणि प्रलंबित प्रकरणंही त्यांच्याकडे वर्ग करायची. हेतू चांगला होता: न्यायालयांत हजारो खटल्यांच्या गर्दीत दत्तकाची प्रकरणं रखडतात, ती सुटावीत. त्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, नवी नियमावलीही आली.

आमच्यापुरतं जे घडलं ते असं. न्यायालयात सांगण्यात आलं की प्रकरण आता जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाईल. तिकडे सांगण्यात आलं की अजून काही आलेलं नाही, आणि आल्यावर काय करायचं त्याच्या सूचनांची वाट बघत आहोत. तिथला कारकून वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे नमुनाच नव्हता. दरम्यान आम्ही राहतो त्या देशाच्या व्हिसा विभागाच्या यादीत 'न्यायालयाचा दत्तक आदेश' असं स्पष्ट लिहिलेलं. जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश चालेल का? फोनवर एकाने हो सांगितलं, दुसऱ्याने नाही.

तेव्हापासून आम्ही फोनवरच्या उत्तरावर विसंबणं सोडलं. प्रत्येक ठिकाणी एकच छोटं पत्र: कोणता नियम, कोणत्या तारखेपासून, आमच्या अमुक क्रमांकाच्या प्रकरणाला लागू आहे का, आणि नसेल तर कोणता लागू आहे. सोबत मुलीचं वय, आणि ती सध्या दत्तकपूर्व संगोपनात आहे ही एक ओळ. लांबलचक भावनिक पत्रं आधी आम्हीही पाठवली होती. त्यांना सहानुभूतीची उत्तरं येत. या छोट्या पत्रांना माहितीची उत्तरं आली. व्हिसा विभागाने लेखी कळवलं की सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश आणि हेग कराराच्या कलम २३ खालचं, दत्तक करारानुसार झाल्याचं प्रमाणपत्र असेल तर पुरे. तो कागद मी कित्येकदा वाचला.

गटातल्या एका जोडप्याला नव्या नियमावलीने वेगळाच धक्का दिला. जुन्या नियमांत चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी पतिपत्नीच्या वयांची बेरीज ९० पर्यंत चालत होती. नव्यात दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ झाली, दोन ते चारसाठी ९० राहिली. त्यांची बेरीज मधली. आपण जुन्या यादीत की नव्या, हे कळेपर्यंत ते दोघं झुरत होते. दुसऱ्या एका घरात दोन मुलं होती. जुन्या नियमात अट तीन किंवा अधिक मुलांची होती, ती दोनवर आली. म्हणजे आता फक्त विशेष गरजा असलेल्या किंवा ज्यांना सहज घर मिळत नाही अशा मुलांसाठीच त्यांचा विचार होणार. त्यांनी खूप विचार केला आणि थांबले. थांबणं हाही पूर्ण निर्णय असतो. त्यांना कुणी हरलेलं म्हटलेलं मला चालत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रलंबित दत्तक प्रकरणं वर्ग करण्याला अंतरिम स्थगिती दिली आणि ती न्यायालयांतच चालू ठेवायला सांगितली. आमची मुलगी महाराष्ट्रातली, त्यामुळे ते आम्हाला लागू. कागद पुन्हा पहिल्या जागी. ज्या पालकांनी ती याचिका केली त्यांना मी ओळखत नाही, पण त्यांचे उपकार मानते. मधले महिने मात्र कुणी परत दिले नाहीत. त्या महिन्यांत ती धावायला शिकली, आणि तिचे वडील ते व्हिडिओ कॉलवर बघत होते.

या काळात घरच्यांचं बोलणं कसं झेललं, असं पुष्कळजण विचारतात. सासूबाई दर फोनवर "अजून किती?" विचारायच्या. त्यांच्या प्रश्नात मायाच होती, पण उत्तर माझ्याकडे नसायचं आणि फोन ठेवल्यावर मी कोसळायचे. मग नवऱ्याने सांगितलं, "आई, काही कळलं की पहिला फोन तुला. तोवर नातीबद्दल विचार, तारखेबद्दल नको." त्यांनी ते पाळलं. ती आज काय बोलली, किती खाल्लं, असं विचारू लागल्या. मला त्याचा मोठा आधार झाला.

आदेश २०२३ मध्येच झाला. सुनावणी बंद दाराआड होती, आणि मुलगी न्यायाधीशांच्या टेबलावरचा पेपरवेट मागत होती. त्यानंतरचं काम भराभर झालं: कलम २३ चं प्रमाणपत्र, आमची नावं असलेला जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा. यातल्या प्रत्येकाला काय लागतं ते तक्त्यात आधीच लिहून ठेवलं होतं, आणि आदेशाच्या प्रमाणित प्रती जास्तीच्या काढल्या होत्या. प्रती भरपूर काढा. जिथे जाल तिथे मूळ मागतात.

घरी आल्यावर प्रक्रिया संपत नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी समाजसेविकेचा पाठपुरावा अहवाल भारतात जातो. आमचे ते अहवाल आता पूर्ण झाले. नागरिकत्वाचा बाजूला ठेवलेला अर्ज पुन्हा काढला आहे, आणि त्याचेही नियम मधल्या काळात बदललेत.

मुलीची फाइल मी वेगळी ठेवली आहे. अठरा वर्षांची झाली की स्वतःहून, आणि त्याआधी आमच्यासोबत, तिला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. नियमावलीत तशी तरतूद आहे. म्हणून संस्थेचे अहवाल, बाल कल्याण समितीचा आदेश, न्यायालयाचा आदेश, आमची सगळी पत्रं आणि त्यांची उत्तरं, दोन्ही नियमावल्यांच्या छापील प्रती, हे सगळं तारखेप्रमाणे लावलं आहे. ती कधी विचारेल की मला आणायला एवढा उशीर का झाला, तेव्हा मला माझ्या आठवणीवर विसंबून सांगायचं नाही. प्रत्येक महिन्यात काय चाललं होतं, कुणाची परवानगी बाकी होती आणि आम्ही त्या दिवशी काय केलं, ते तिला स्वतः वाचता यायला हवं.